सव्वाचोवीस

कार्तिकातला पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा. हजर माणसं चार: फ्रॉकच्या कारखान्याचे शेठ, सहा वर्षांची एक मुलगी, तिचे वडील आणि मी. ठरलेली रक्कम महिन्याला तीनशे रुपये, शिवाय दिवाळीला दोन फ्रॉक. मी टेप घेऊन पुढे झालो. मुलीनं न सांगता दोन्ही हात खांद्याच्या रेषेत उचलले आणि पोट आत ओढलं.

"घ्या काका," ती म्हणाली. "साँस अंदर हे."

बोलताना साँस बाहेर गेली, म्हणून तिनं ती पुन्हा आत ओढली. शेठ हसले, तिचे वडील हसले, मीही हसलो. छाती बरोबर चोवीस इंच भरली. मी रजिस्टरात लिहिलं.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. कारखाना कधीच बंद पडला, शेठ वारले, मी आता घरी बसून दुकानदारांचे जीएसटीचे कागद भरतो. ते रजिस्टर मात्र माझ्याकडे आहे. पुढचे आकडे त्यातूनच घेतले आहेत.

बुरहानपुरात किंवा आसपास तुमचं घर असेल तर तुम्हीही तिला पाहिलेलं आहे. आमच्या फ्रॉकच्या डब्यावर तिचा फोटो असायचा. पिवळा झालरीचा फ्रॉक, दोन वेण्या, गालाला लावलेलं एक बोट. पुठ्ठा जाड होता, त्यामुळे फ्रॉक विटला तरी डबा कुणी फेकत नसे. आमच्याकडे त्यात सुया-दोरे होते. समोरच्यांकडे औषधं. पुढे लग्नासाठी खकनारला एका घरी तिला दाखवायला नेलं होतं, तर मुलाच्या आईनं शकुनाची सुपारी काढायला तोच डबा उघडला. "अगं बाई, ही तर डब्यावरची पोरगी!" म्हणून सगळे खूश झाले. पंधरा दिवसांनी त्यांनी नकार कळवला. तोवर कुणीतरी त्यांना मोबाइलवर तिचं नाचाचं गाणं दाखवलं होतं.

पण ते नंतरचं. आधी चोवीस नंबरचं सांगतो.

आमच्या शेठना पुतळ्यावर भरवसा नव्हता. "पुतला बैठता नहीं, खुजाता नहीं," असं ते म्हणत. म्हणून फ्रॉकच्या प्रत्येक नंबरासाठी एक जिवंत मुलगी ठेवलेली असे. नमुना तिच्या अंगावर चढवायचा, तिला बसवायचं, हात वर करायला लावायचे, आणि मग त्या मापानं शेकडो फ्रॉक कापायचे. चोवीस नंबर सगळ्यात जास्त खपायचा. आमची चोवीस नंबर म्हणजे ती. कारागीर तिला नावानं हाक मारतच नसत. "चोवीस नंबर आली का रे?" असंच विचारायचे. छाती चोवीस आहे तोवर ती कामावर, साडेचोवीस झाली की दुसरी मुलगी, हा नियम. दर महिन्याच्या एक तारखेला तिची छाती, कंबर आणि उंची मोजून लिहिणं हे माझं, कारखान्याच्या हिशेबनिसाचं काम. "बी.कॉम. झालेला माणूस टेप कशाला धरतो?" असं बायको विचारायची. "पाव इंच लिहायला बी.कॉम. लागतं," असं मी सांगायचो.

दिवाळीआधी आणि लग्नसराईआधी व्यापारी यायचे, खांडव्याचे, अकोल्याचे, इंदूरचे. ते गादीवर लोडाला टेकून बसत, आणि ती कापड कापायच्या लांब टेबलावरून चालत जायची. टेबलावर खडूच्या खुणा असत. त्यावर पाय पडला तर कटिंग मास्तर ओरडायचा. म्हणून ती रेघा चुकवत, टाचा उचलून, अगदी डौलात चालायची. व्यापाऱ्यांना वाटायचं, काय चाल आहे पोरीची! पुढे मोठी झाल्यावरही ती फरशीच्या सांध्यांवर पाय ठेवत नसे. तुम्ही तिला बुधवारा मोहल्ल्यातून जाताना पाहिलं असेल तर ती अशी मधूनच लांब पाऊल का टाकते हे तुम्हाला कळलं नसेल. कारण हे आहे.

पहिल्याच हंगामात एका व्यापाऱ्यानं तिला विचारलं, "बेटी, जाली चुभती तो नहीं?"

"चुभती हे," ती म्हणाली. "इथं बगलेत."

व्यापारी खो खो हसला आणि जाळीच्या फ्रॉकची निम्मी ऑर्डर कापून गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी तिला शिकवून आणलं. कोणीही काहीही विचारलं तरी एकच उत्तर: मुलायम हे. ते तिला जन्माचं पुरलं. सतराव्या वर्षी, पंचविसाव्या वर्षी, रस्त्यात भेटली आणि मी विचारलं, "काय गं, कशी हेस?" तर मान तिरकी करून म्हणायची, "मुलायम हे, काका."

एक तारखेला ती माझ्या टेबलापाशी बसून डब्याकडे पाहायची. माझा डबा, जेवणाचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी म्हणायचो, "घे." ती म्हणायची, "मापाच्या आधी नको. मापानंतर द्या." माप झालं की अर्धी भाकरी खायची, दोन्ही हातांनी धरून, तुकडाही न सांडता. मी घरी गमतीनं सांगितलं. बायको दर एक तारखेला एक भाकरी जास्त बांधायला लागली. एकदा ती म्हणाली, "ते पोर महिन्यातून एकदाच जेवतं का हो?" मी हसलो. तुझ्या हातची चव लागली असेल तिला, असं काहीतरी बोललो असेन.

दुसऱ्या वर्षी चैत्रात छाती सव्वाचोवीस भरली. मी तसं लिहिलं. तिचे वडील तिथंच उभे होते; मलाही ते मास्तरच म्हणत. ते आधी एका लूमवर कामाला होते. मुलीचं काम लागल्यावर त्यांनी ते सोडलं होतं.

"सव्वा कुठून आला, मास्तर?"

"वाढतं वय हे, दादा."

"अजून एवढ्यात? टेप ढिला धरला असंल."

"माझा टेप ढिला नसतो."

या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. वैशाखात छाती पुन्हा चोवीस भरली. "पाहा, बोल्लो होतो ना," ते म्हणाले. मी टेप पोलादी पट्टीवर ठेवून तपासला. टेप बरोबर होता. पोरगी श्वास आणखी चांगला आत ओढायला शिकली, असा मी अर्थ लावला. तीन वर्षांत असं पाच वेळा झालं. एका महिन्यात सव्वा आणि पुढच्या महिन्यात परत चोवीस.

त्याच तीन वर्षांत तिची उंची चव्वेचाळीस इंचांवरून साडेअठ्ठेचाळीसवर गेली.

आता तुम्हीच पाहा. उंची साडेचार इंच वाढते आणि छाती पाव इंचही नाही. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात, एकाच ओळीत, शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक आकडा मी टेपशी ताडून पाहिला. एक आकडा दुसऱ्याशी कधी ताडून पाहिला नाही.

शेवटी उंचीनंच तिचं काम गेलं. फ्रॉक गुडघ्याच्या वर जायला लागला. शेठ म्हणाले, "अब लंबी हो गई," आणि दुसरी चोवीस नंबर आली. डब्यावरचा चेहरा बदलायला खर्च आला असता, तो तसाच राहिला.

सतराव्या वर्षी ती इंदूरला जायला लागली. लेहंग्यांच्या दुकानांचे फोटो, हॉटेलांमधले फॅशन शो. वडील बरोबर. त्यांनी कार्ड छापलं होतं, एका बाजूला तिचा फोटो, दुसऱ्या बाजूला स्वतःचा फोन नंबर. परत आली की मला सांगायची, "काका, तिथलं टेबल मोठं हे. आणि खडूच्या रेघा नाहीत. तरी मी चुकवते." पाच वर्षं ती मागच्या रांगेत चालली. शो बसवणारा माणूस तिला प्रत्येक वेळी म्हणायचा, दो इंच और होती ना तू, तो बात अलग थी. तिची उंची पाच फूट अर्धा इंच. तिच्या मागची बहीण पाच फूट साडेचार. मी डॉक्टर नाही, म्हणून याचं कारण लिहीत नाही. फक्त दोन आकडे लिहितो.

मग गाणी आली. खानदेशी गाण्यांचे व्हिडिओ निघतात ते तुम्ही लग्नात ऐकता. त्यातली कितीतरी आपल्या तापीकाठच्या केळीच्या बागांत काढलेली आहेत. ती केळीतून पळायची, ओठ हलवायची. आवाज दुसरीचा. तिच्या सांगण्याप्रमाणे अशी बत्तीस गाणी झाली. ही सगळी वर्षं ती घरी स्वयंपाक करताना गायची, आणि चांगली गायची. गल्लीत आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं.

धूलकोटला एका लग्नात ती पाहुणी म्हणून गेली होती. बायकांनी तिला ओळखलं, मोठा घोळका जमला. "तुझंच गाणं म्हण ना व." हिनं म्हटलं. दोन ओळी झाल्या आणि एक म्हातारी म्हणाली, "ही ती नाही. तिचा आवाज असा कुठं हे? ही दुसरीच कोणी आली तिच्यासारखी नटून." सगळ्या हसल्या. घोळका पांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

"काका, मला एक गाणं माझ्या आवाजात काढायचं हे. खाली माझं नाव पाहिजे. एकच. मग सोडून देते सगळं."

"मग काढ. मी त्यात काय करू?"

"माप घ्यायचं हे."

गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे ती जायला लागली होती. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुझा श्वास गळ्याखाली उतरतच नाही, पोट सोड. "सोडता येत नाही, काका," ती म्हणाली. "कोणी समोर आलं की आपोआप आत जातं. तुम्ही समोर बसा. तुमच्यासमोर सोडता आलं तर कोणाहीसमोर येईल."

गच्चीवर, सकाळी सहाला. ती सा लावायची, मी घड्याळ धरायचो. जुन्याच रजिस्टराच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. पहिल्या दिवशी सात सेकंद. जे गाणं तिला म्हणायचं होतं त्यात एक ओळ एका दमात सोळा सेकंदांची होती.

माझी बायको भाकरी घेऊन वर यायची. हिचं जुनंच, "काकू, मापाच्या आधी नको."

"आता आधीच खायचं. गिळ मुकाट्यानं."

"बाई म्हंतात गाण्याच्या आधी पोट भरायचं नाही."

"बाईला माझ्याकडे पाठव."

पावसाळ्यापर्यंत नऊ झाले. दिवाळीला अकरा. मग तीन महिने अकराच. अशाच एका सकाळी तिनं रजिस्टराची मागची पानं उलटली. मी नको म्हणालो नाही. ती बोट ठेवून वाचत गेली आणि चैत्राच्या ओळीवर थांबली.

"काका, ज्या महिन्यात तुम्ही सव्वा लिहायचे ना, त्या महिन्यात माझं रात्रीचं जेवण बंद असायचं. चोवीस होईपर्यंत. आई रडायची, पण वाढायची नाही."

मी तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हणालो, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर चोवीस लिहिलं असतं तुम्ही?"

मी खरंच विचार केला. त्या वयातला मी, तो टेप, ते रजिस्टर.

"नाही," मी म्हणालो. "सव्वाच लिहिलं असतं."

"मालूम हे," ती म्हणाली, आणि रजिस्टर मिटून घड्याळ माझ्या हातात दिलं.

त्यानंतर आकडा चढायला लागला. चौदा महिने झाले तेव्हा अठरा सेकंद. जळगावकडच्या एका निर्मात्यानं तिचं गाणं ऐकलं आणि रेकॉर्ड करून घेतलं. ती रात्रीच्या गाडीनं परत आली ती सरळ आमच्याकडे. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "एका टेकमध्ये, काकू! पोट बाहेर सोडून!" बायकोनं बाजारातून माव्याची जिलेबी मागवली. तिनं चार खाल्ल्या. मी मोजल्या नव्हत्या, तिनंच मोजून सांगितल्या.

पौषात गाणं आलं. पडद्यावर एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी केळीतून पळत होती. आवाज हिचा. खाली गायिका म्हणून नाव त्या मुलीचं.

निर्मात्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुमच्या पप्पांशी बोलणं झालं ना." तिच्या सगळ्या कागदांवर मॅनेजर म्हणून अजून वडिलांचाच नंबर होता. मी तिला पूर्वी एकदा विचारलं होतं, हा नंबर बदलत का नाहीस? "शुरू से वही हे," ती म्हणाली होती.

मग माघातला एक रविवार, दुपारचे चार. हजर माणसं पुन्हा चार: ती, तिचे वडील, माझी बायको आणि मी. जागा आमची बैठक. वडील आता सत्तरीचे, मधुमेहानं वाळलेले. चहा बिनसाखरेचा.

"नाव काढायला तुम्ही हो म्हटलं, पप्पा?"

"तुझ्याच भल्यासाठी बोल्लो. नाव आलं असतं तर लोक म्हटले असते, तेहतिशीची झाली तरी अजून यातच हे. अजून स्थळं पाहू राह्यलो ना मी? आवाजाला कोण ओळखतं? आणि नाव नको म्हटलं तर तो रोख द्यायला तयार झाला."

तिनं माझ्याकडे हात केला. मी रजिस्टर दिलं. तिनं चष्मा लावला आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक ओळ वाचली. "चैत्र सव्वाचोवीस. वैशाख चोवीस. भाद्रपद सव्वाचोवीस. आश्विन चोवीस." पाचही वेळा. "हे कसं झालं, पप्पा?"

"कामच तसं होतं तेव्हा," ते म्हणाले. "घर कशावर चालू होतं? तुझी बहीण कशावर वाढली?" मग त्यांनी कप खाली ठेवला. "आणि आकडा मी थोडीच लिहिला? मास्तरांनी लिहिला. मी तर फक्त पाहत होतो."

मी रजिस्टर तिच्याकडून परत घेतलं.

"घड्याळ लावा, काका," ती म्हणाली.

तिनं मांडी घातली. दोन्ही हात पोटावर ठेवले. वडील दोन हात अंतरावर बसले होते, आणि तिनं त्यांच्यासमोर पोट सोडलं, श्वास खाली, पार खाली उतरवला, आणि ती ओळ म्हटली. शेवटचा स्वर संपतच नव्हता. माझ्या बायकोनं पदर तोंडाशी धरला. मी काट्यावरून नजर हलवली नाही.

गाणं थांबलं. वडिलांनी जुन्या सवयीनं तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

"किती भरलं?"

"एकोणीस."

"गाण्यात लागत किती होतं?"

"सोळा."

"मग जास्तच झालं," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

आठ दिवसांनी ती गेली. बहुतेक सुरतेला, तिथे तिची एक मैत्रीण आहे. नंबर बंद आहे. जाताना मला भेटली नाही, बायकोला भेटली. बायकोनं विचारलं, "कशी हेस?" तर काहीच बोलली नाही. मुलायम हे, असंही नाही.

गाणं चाललं. यंदाच्या लग्नसराईत बुधवाऱ्यातून जी वरात गेली तिच्यापुढे तेच वाजत होतं. ती ओळ आली की माझं लक्ष मनगटाकडे जातं. सोळा सेकंद, नेमके. मुली नाचत असतात आणि त्या दुसऱ्याच पोरीचं नाव घेऊन ओरडतात.

बाकी एक नोंद राहिली. गाण्याचे आठ हजार रुपये ठरले होते. निर्मात्यानं जळगावच्या जाण्यायेण्याचे पाचशे कापून साडेसात हजार पाठवले. ती गेल्यावर अकराव्या दिवशी ते मिळाले, तिच्या वडिलांना.